दोन मीटर अंतर ठेवा

गालापागोस राष्ट्रीय उद्यानाचा नियम साधा आहे. कुठल्याही प्राण्यापासून किमान दोन मीटर लांब राहायचं. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, फोटो काढताना फ्लॅश मारायचा नाही. हे आधी कागदावर वाचायला मिळतं, मग फलकावर, आणि बोटीत पाय ठेवला की गाइडच्या तोंडून पुन्हा एकदा. माझी उभी हयात बँकेत गेली. नियम लेखी हातात पडला की मला निम्मा धीर येतो. या नियमावर तर मी मनातल्या मनात सही-शिक्का करून मोकळा झालो.

अडचण एवढीच की प्राण्यांपर्यंत परिपत्रक पोचलेलं नव्हतं.

सांताक्रूझ बेटावरच्या पुएर्तो आयोरा गावाच्या मासळीबाजारातच हे लक्षात आलं. ओट्यापाशी एक समुद्रसिंह मान वर करून उभा होता. मासे कापणारी बाई एका हातानं सुरी चालवत होती आणि दुसऱ्या हाताच्या कोपरानं त्याला मागं सारत होती. त्याच्या मागं पेलिकन ताटकळलेले. तिथं दोन मीटरचा हिशेब धरायचा तर बाईंना धंदाच बंद करावा लागला असता. पाय दुखले म्हणून बंदरावर बाक शोधायला गेलो, तर बाकावर दुसरा समुद्रसिंह आडवा पसरलेला. मी उभा राहिलो. माणशी दोनशे डॉलर प्रवेश फी भरून आलेला मी उभा, आणि तो फुकटात झोपलेला. (ही फी १ ऑगस्ट २०२४पर्यंत शंभरच होती हे मला तिथं गेल्यावर कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.)

सगळा बेत मुलीचा. ती ह्यूस्टनला असते. "बाबा, रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, आपण गालापागोसला जाऊ," असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी हो म्हणालो, कारण तेव्हा मला ते नाव एखाद्या हॉटेलचं वाटलं होतं. नंतर नकाशा बघितला. इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेला, भर पॅसिफिकमध्ये, बरोबर विषुववृत्तावर विखुरलेली ज्वालामुखींची डोकी. समुद्रतळाखाली एका जागी लाव्हारसाचा उमाळा आहे. त्याच्यावरून भूपट्ट सावकाश पूर्वेकडे सरकतो, आणि सरकता सरकता बेटं तयार होतात. म्हणून पूर्वेची बेटं म्हातारी आणि पश्चिमेची तरणी, अजून धुमसणारी. आम्ही उतरलो होतो त्या इसाबेला बेटावरचा सिएरा नेग्रा २०१८ साली फुटला होता. समोरच्या फर्नांदिनाचा ला कुम्ब्रे तर २०२४च्या मार्चमध्ये. "सध्या शांत आहे ना?" असं मी विचारलं, तेव्हा गाइड म्हणाला, "आज तरी." हा विनोद असावा.

इक्वाडोरमधल्या क्विटोच्या विमानतळावर बॅगा उघडून तपासतात. बेटांवर परकं बी-बियाणं जाऊ नये म्हणून फळं-भाज्या-बियांची कसून चौकशी. हिच्या पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे निघाले. भाजलेला शेंगदाणा हा खाऊ की बी, यावर तिघांत चर्चा झाली आणि जोखीम नको म्हणून आम्ही ते तिथंच उभ्या उभ्या संपवले. पुढं सांताक्रूझहून इसाबेलाला स्पीडबोटीनं दोन तास लागतात. त्या दोन तासांबद्दल मी काही लिहिणार नाही. शेजारच्या जर्मन बाईंचीही तीच इच्छा असेल.

आता पाण्याबद्दल. विषुववृत्त म्हटलं की उकाडा, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. त्याच भूगोलाच्या पुस्तकात हंबोल्ट नावाचा थंड प्रवाहही होता. तो मी दोन मार्कांपुरता पाठ केला आणि परीक्षेच्या हॉलबाहेर पडताना सोडून दिला. तो प्रवाह इतक्या वर्षांनी मला इथं गाठेल असं वाटलं नव्हतं. दक्षिणेकडून हंबोल्ट येतो. पश्चिमेकडून खोल पाण्यातून क्रॉमवेल नावाचा दुसरा येतो, तो या बेटांच्या पायथ्याला धडकून वर उसळतो आणि तळातलं गार, सकस पाणी वर आणतो. त्या सकसपणावर मासे जगतात, माशांवर बाकीचे जगतात. म्हणून विषुववृत्तावर पेंग्विन आहेत. जिथं पेंग्विन सुखानं राहतो तिथं सातारा जिल्ह्यातल्या माणसानं कमरेच्या खाली जाऊ नये, हे साधं तर्कशास्त्र आहे. पण सप्टेंबर महिन्यात, ढगाळ सकाळी, मुलीनं तिघांचे स्नॉर्केलिंगचे, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगायचे, पैसे आधीच भरले होते.

"वेटसूट देतात, बाबा. थंडी वाजत नाही."

वेटसूट म्हणजे जाड रबरी कातडं. उशीला दोन नंबर लहान अभ्रा चढवायचा असेल तर जे करावं लागतं ते इथं सगळं करावं लागतं, फक्त उशी आपण असतो. पाय घालायला पंधरा मिनिटं गेली. गुडघ्यापर्यंत आल्यावर गाइडनं माझ्याकडे नीट बघितलं आणि सांगितलं, की उलटा घातलाय, चेन पाठीवर येते. चेनला एक लांब दोरी असते, ती आपली आपण मागून ओढायची. मी ओढली. दोरी आली, चेन तिथंच राहिली. शेवटी हिनं माझ्या पाठीला गुडघा लावला आणि एका दमात मला बंद केलं. त्यानंतर मी जेवढा श्वास घेऊ शकत होतो तेवढ्यात बोलणं आणि जगणं, दोन्ही भागवावं लागणार होतं.

मग मास्क. मास्कच्या कडेला सिलिकॉनची पट्टी असते, ती चेहऱ्याला घट्ट चिकटली तरच पाणी आत येत नाही. मिशी असेल तर पट्टी चिकटत नाही. माझी मिशी कॉलेजपासूनची आहे, आणि समोरच्या पेटीत वस्तरा होता. गाइडनं माझा चेहरा ओळखून वस्तरा परत ठेवला आणि व्हॅसलिनची डबी पुढं केली. मी मिशीला बोटभर व्हॅसलिन फासलं. बोटीतल्या एका ऑस्ट्रेलियन मुलानं अंगठा वर करून दाखवला. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकायचं असतं, हेही तिथंच समजलं. मुलीनं थुंकी फिरवून काच चोळून दाखवली. लहानपणी पाटी थुंकीनं पुसते म्हणून हिनं तिला किती रागावलं होतं, ते मला आठवलं. ही मात्र आता स्वतःच्या काचेवर शांतपणे थुंकत होती.

चष्म्याचा प्रश्न राहिलाच. माझा नंबर उणे साडेचार. नंबरचे मास्क मिळतात, पण भाड्याच्या पेटीत नव्हते. चष्मा काढून ठेवला आणि समुद्रातल्या सगळ्या जीवसृष्टीचे माझ्यापुरते दोन वर्ग झाले: हलणारं आणि न हलणारं.

मी पोहायला शिकलो ते कृष्णाकाठच्या एका विहिरीत, पाठीला सुकवलेला भोपळा बांधून. त्या शिक्षणाचं एकमेव तत्त्व होतं: तोंड पाण्याबाहेर ठेव. स्नॉर्केलिंगचं एकमेव तत्त्व आहे: तोंड पाण्यात ठेव. शिवाय नाक बंद, श्वास तोंडानं, आणि तोही वितीपेक्षा थोड्या जास्त लांबीच्या नळीतून. "नळी मीटरभर लांब केली असती तर?" मी गाइडला विचारलं. माझा हेतू एवढाच होता की लाटेचं पाणी नळीत येऊ नये. त्यानं समजावलं ते पटण्यासारखं होतं. मीटरभर खाली छातीवर पाण्याचा दाब इतका वाढतो की वरची हवा आत ओढायला फासळ्यांचे स्नायू पुरत नाहीत. शिवाय नळी लांब असली की आपण सोडलेला उच्छ्वासच परत परत आत घेत बसतो. म्हणजे लांब नळी हा बुडायचाच एक सविस्तर मार्ग. ही मात्र रोज सकाळी तासभर प्राणायाम करणारी, त्यात माहेर मालवणचं. नळी तोंडात धरली, उडी टाकली, गेलीसुद्धा.

जागेचं नाव लोस तूनेलेस. इसाबेलावरच्या पुएर्तो विजामिल गावाहून बोटीनं पाऊण तास. लाव्हा समुद्राकडे वाहत येताना वरचा थर आधी थंड होऊन घट्ट झाला, आतला रस वाहून गेला आणि पोकळ बोगदे राहिले. पुढं त्यांची छपरं कोसळली आणि काळ्या कमानी उरल्या. कमानींच्या मध्ये हिरवट निळं पाणी, आणि कमानींवर निळ्या पायांचे बूबी पक्षी. त्यातल्या एकानं मला शिडीवरून उतरताना शेवटपर्यंत बघितलं.

पाण्यात शिरलो आणि हंबोल्टनं मानेवरून वेटसूटच्या आत प्रवेश केला. तो कण्यावरून खाली उतरला, कमरेशी थांबला, पुढं गेला. नळीतून माझ्या तोंडून जो आवाज बाहेर पडला त्यावर म्हणे एका समुद्रसिंहानं उत्तर दिलं. १५३५ साली पनामाचा बिशप पेरूला जायला निघाला होता. वारा पडला आणि प्रवाहानं त्याचं गलबत वाहत वाहत या बेटांना आणून लावलं. असा या बेटांचा शोध लागला. मीही हात-पाय मारायचे थांबवले तेव्हा काहीही न करता बऱ्यापैकी पुढं गेलो होतो. फक्त मला जायचं होतं त्याच्या उलट दिशेला.

तिथं हिरवं कासव होतं. माझ्या मताप्रमाणे तो खडक होता. खडकानं मान बाहेर काढली, शेवाळाचा एक घास तोडला आणि सावकाश चावला. तेव्हा मला नियम आठवला आणि मी मागं सरायला लागलो. पण पायात फिन्स, म्हणजे बदकासारखे रबरी पंजे, असताना मागं सरता येत नाही, फक्त मागं सरायची इच्छा व्यक्त करता येते. तेवढ्यात लाट आली आणि आम्ही दोघंही एकत्र डावीकडे गेलो. लाट परतली, आम्ही दोघं उजवीकडे आलो. आमच्यातलं अंतर हातभर. दोष कुणाचा म्हणून गाइडकडे बघितलं, तर तो हातवारे करून मलाच 'दोन! दोन!' दाखवत होता. कासवाला नाही. लाटेला नाही. कासवानं दुसरा घास घेतला.

मग मुशी. गाइडनं एका कपारीकडे बोट दाखवलं, मी मान खाली घातली आणि तीन लांबट, राखाडी आकृत्या तळाशी आडव्या दिसल्या. हिनं पाण्याबाहेर तोंड काढून नळी थुंकली आणि आनंदानं ओरडली, "अहो, मुशाच की! केवढ्या मोठ्या!" मालवणच्या बाजारात वाट्यावर मिळते ती मुशी हिला पुरती ठाऊक आहे. ही जात निराळी. पंखांच्या टोकाला पांढरं असलेले रीफ शार्क. शार्क पोहायचा थांबला तर मरतो अशी माझी समजूत होती, आणि त्यावर माझी थोडी भिस्तही होती, कारण जो सतत कुठंतरी निघालेला असतो तो आपल्यापाशी थांबणार नाही. हे शार्क मात्र तळाशी पडून तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडू शकतात. दिवसा झोपा काढायच्या आणि रात्री कपारींतून शिकार करायची, असा त्यांचा दिनक्रम.

इथं माझ्यासमोर एक तांत्रिक मुद्दा उभा राहिला. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे मास्कच्या सपाट काचेतून वस्तू पाव हिश्शानं जवळ आणि तिसऱ्या हिश्शानं मोठी दिसते. म्हणजे दीड मीटरवर दिसणारा शार्क खरा दोन मीटरवर असतो आणि नियमात बसतो. पण डोळ्यांना तो नियमाबाहेर असतो. नियमानं धरायचं अंतर दिसणारं की असणारं? बोटीला धरून मी हे गाइडला सविस्तर विचारलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सेन्योर, फक्त हात लावू नका." हेड ऑफिसकडून मला आयुष्यात इतकं स्पष्ट उत्तर कधी मिळालं नव्हतं.

समुद्रघोडाही होता म्हणतात. मुलीनं माझा हात धरून एका खारफुटीच्या मुळाशी नेलं आणि बोट रोखलं. तपकिरी मूळ होतं, त्याला चिकटून आणखी एक तपकिरी मूळ होतं. मी जोरात मान हलवली. नळीत पाणी गेलं. त्या खोकल्यात समुद्रघोड्याचा विषय मागं पडला.

आणि मग समुद्रसिंहाचं पिल्लू आलं. नर असेल तर त्याच्या हद्दीत जाऊ नका, तो भुंकत येतो, हे गाइडनं बजावलं होतं. पिल्लांबद्दल तो काही बोलला नव्हता. हे पिल्लू खालून वर उलटं पोहत आलं, माझ्या मास्कसमोर थांबलं आणि नाकातून बुडबुडे सोडले. एवढ्या जवळून मलाही चष्म्याशिवाय दिसतं. मोठे काळेभोर ओले डोळे, दोन्ही बाजूंना ताठ मिश्या, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला हवेचा एकेक चिमुकला थेंब. मिशीला व्हॅसलिन लावल्याशिवाय त्याचं काही अडत नव्हतं. मी मागं सरलो, ते पुढं आलं. मी डावीकडे वळलो, ते माझ्याभोवती फिरून आधीच डावीकडे. मी एकदम स्थिर झालो, कारण स्थिर माणसावर अंतरभंगाचा आरोप येत नाही अशी माझी धारणा. त्यानं माझ्या उजव्या फिनचं टोक दातात धरलं आणि ओढलं. बराच वेळ मी त्याच्या मालकीचा होतो. पुढं त्याला एक तारामासा सापडला आणि मला सोडून देण्यात आलं.

या सगळ्यात पेंग्विन येऊन गेला तो हिला दिसला. मला त्याच्या वाटेवरचे बुडबुडे दिसले. गालापागोसचा पेंग्विन अर्ध्या मीटरचा, पण पाण्यात सुसाट. "राणीच्या बागेतले ते याचेच भाऊबंद ना?" हिनं विचारलं. बरोबर आहे, मुंबईला २०१६ साली आणलेले हंबोल्ट पेंग्विन याच कुळातले. फरक इतकाच की भायखळ्याला काच त्यांच्यापुढं असते, वातानुकूलन त्यांना असतं आणि तिकीट काढून आपण बाहेर सुके उभे असतो. इथं काच माझ्या तोंडावर होती, गारवाही मलाच होता, आणि तो बघून न बघितल्यासारखं करून निघून गेला होता.

इथंच थांबलो असतो. पण दुपारी ऊन पडलं आणि माय-लेकींना पुन्हा पाण्यात जायचं होतं. गावाच्या धक्क्याजवळ कोंचा दे पेर्ला नावाची आडोशाची जागा आहे. खारफुटीतून एक अरुंद लाकडी पूल जातो, टोकाला छोटा ओटा आणि पायऱ्या. तिथं गाइड लागत नाही, पैसे लागत नाहीत. वेटसूट परत केलेले होते. मी गळ्यापर्यंत उतरलो, हंबोल्टला ओळख दिली आणि वर आलो. दात वाजत होते. ओट्याच्या फळ्या उन्हानं तापलेल्या. मी पालथा पडलो आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा डाव्या बाजूला एक समुद्री इग्वाना होता. जगात समुद्रात शिरून चरणारा सरडा हा एवढाच. थंड पाण्यात शेवाळ खाऊन येईपर्यंत त्याच्या अंगाचं तापमान दहा अंशांनीसुद्धा उतरू शकतं, मग तो काळं अंग उन्हात पसरून पडून राहतो. म्हणजे आम्ही दोघंही एकाच कामासाठी आलो होतो. मी उजवीकडे सरकायला गेलो, तर तिकडे आणखी दोघे. पायांशी चौथा. गारठलेले इग्वाना एकमेकांना खेटून बसतात, आणि त्यांनी मला आपल्यात घेतलं होतं. डाव्या बाजूच्यानं मान वर केली. डोक्यावर मिठाचा पांढरा थर होता. पोटात गेलेलं जास्तीचं मीठ ते नाकातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. कसं टाकतात ते त्यानं लगेच दाखवलं. माझ्या कानावर.

उठून पळायचं म्हटलं तर पुलावर, बरोबर मधोमध, एक समुद्रसिंहीण येऊन झोपली होती. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं एवढाच तो पूल. दोन मीटर सोडून जायचं तर खारफुटीच्या चिखलातून जावं लागलं असतं. मी जिथं होतो तिथं राहणं नियमाविरुद्ध, आणि तिथून हलणंही नियमाविरुद्ध. १८३५ साली डार्विन साहेब इथं पाच आठवडे होते. त्यांनी असाच एक इग्वाना उचलून पाण्यात फेकला. तो परत आला. पुन्हा फेकला, पुन्हा त्यांच्याच पायाशी आला. याला किनाऱ्यावर शत्रू नाही, म्हणून धोका वाटला की हा किनाऱ्याकडेच पळतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि विज्ञान पुढं गेलं. कासवांच्या पाठीवरही ते बसून बघत. आज तसं करतील तर विमानतळापर्यंतसुद्धा त्यांना सुखानं जाऊ देणार नाहीत. माझ्या खात्यावर तर दोन मीटरसुद्धा नव्हते.

"अहो, झोपलात काय? चला की!" ही पायऱ्यांवरून ओली वर येत म्हणाली.

"हलता येत नाही," मी हळूच म्हणालो.

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा इग्वानांकडे बघितलं. "बसा मग," म्हणाली आणि परत पाण्यात गेली. मी तिथंच पडून राहिलो. आणखी दोनदा शिंका आल्या, दोन्ही माझ्या नव्हत्या. ऊन उतरल्यावर समुद्रसिंहीण उठली, ढेंगाळत बाजूला झाली आणि आम्हाला वाट मिळाली.

मुलीनं सगळं पाण्याखालच्या कॅमेऱ्यात टिपलं होतं. रात्री तिनं त्यातला समुद्रसिंहाच्या पिल्लाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. साताऱ्याहून लगेच काकूंचे हात जोडलेले, मावसभावाचा 'रुपयांत किती पडलं?' आणि मालवणहून मेहुण्याचा 'आमच्या तारकर्लीला या, एवढ्या पैशात वर्षभर पोहाल' असे निरोप आले. धाकट्या भावानं व्हिडिओ नीट बघितला असावा. त्यानं लिहिलं, "दादा, मस्त! दोन सील काय खेळतायत! पण तू कुठं दिसत नाहीस?"

मी लिहिलं, "नीट बघ. सील एकच आहे."

बराच वेळ तो काहीतरी लिहितोय असं दिसत राहिलं. मग उत्तर आलं, "बरं. त्यातला सील कुठला?"